टाक्यातली मालकीण

रविवार, १ जून. बेतिना

ही वही योसोने दिली. पाण्यात पडली तरी भिजत नाही म्हणे. वर मोठ्या भावासारखं सुनावलं, "नेवे, जे तोंडात येईल ते यात लिही. पाहुण्यांच्या तोंडावर फेकू नकोस." माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे तो. गेल्या वर्षी एका ऑस्ट्रियन बाईला वल्हं कसं धरू नये ते मी जरा मोठ्याने सांगितलं, तर तिने इंटरनेटवर जगभर लिहून ठेवलं की बेतिनाची नेवेन्का ओरडते. ओरडते. भर समुद्रात कुजबुजलेलं कुणाला ऐकू जातं?

उद्यापासून सहा दिवसांची कयाकची फेरी. काप्रिये, झिरये, मग बाहेरच्या रांगेतलं शेवटचं बेट लुकारित्सा, आणि परत. बाकीचे सगळे झिरयेवरून मागे वळतात, कारण पुढे पिण्याचं पाणी नाही. आम्ही वळत नाही. लुकारित्सावर बार्बा क्रशेवान आहे, माझ्या आईचा भाऊ. त्याच्या अंगणात पावसाच्या पाण्याचं टाकं आहे. त्या टाक्यावर आमची फेरी चालते. पत्रकावर मीच छापलंय, 'शेवटच्या बेटकऱ्याच्या घरी मुक्काम'. लोक त्यासाठीच येतात.

संध्याकाळी योसोशी भांडण झालं. त्याला बार्बाला किनाऱ्यावरच्या शिबेनिक शहरातल्या वृद्धाश्रमात न्यायचंय. मी म्हटलं, मेल्याशिवाय बार्बा त्या बेटावरून हलणार नाही. बाबा बुडाले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पाण्याजवळ जायलासुद्धा घाबरायचे. बार्बाने मला होडीत घातलं, वल्हं हातात दिलं आणि स्वतः टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला. झोपेचं सोंग होतं ते, हे मला फार पुढे कळलं. अशा माणसाला चार भिंतींत कोंबायचं?

"बार्बा म्हणतोय राहायचं, की तू म्हणतेस?" योसोने विचारलं.

मी म्हटलं, दोन्ही एकच.

सोमवार, २ जून. काप्रिये

पाच पाहुणे. डच नवरा-बायको, वाउटर आणि हान्नेके. दोन झेक बहिणी, त्या आपापसांत हसतात आणि बरोबर वल्हवतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. आणि मेतोद नावाचा एक स्लोव्हेनियन म्हातारा.

वाउटरची कयाक डावीकडे ओढते म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं. मी त्याला बायकोची कयाक दिली, तर ती उजवीकडे ओढायला लागली. मग दोघं एकमेकांवर उखडली. मी दात आवळून गप्प बसले. योसोला दाखवायला हे लिहून ठेवते.

मेतोद सत्तरीचा असेल. तरुणपणी शिबेनिकला आरमारात होता, त्यामुळे आमची भाषा बोलतो, तीही जुन्या खलाशांची, मधूनमधून अशा शिव्या की आता आमच्याकडेही कुणी देत नाही. एरवी बोलणं कमी, ऐकणं फार. जे सांगाल ते निमूट ऐकतो. असल्या माणसावर ओरडता येत नाही, म्हणून मला तो आवडलेला नाही.

बुधवार, ४ जून. लुकारित्सा

पोचलो. बार्बाला काय झालंय कळत नाही. एरवी धक्क्यावर उभा राहून "आल्या मेंढ्या" म्हणत आमचं स्वागत करतो, पाहुण्यांना वाटतं काहीतरी मंगल म्हणतोय. आज दारातल्या बाकावरच बसून होता, नुसता हात वर केला. दाढी गुळगुळीत, अंगात लग्नाकार्यातला पांढरा सदरा. पाहुणे फोटो काढतात म्हणून नटला असेल.

पण घराची दशा. खुराडं रिकामं. कोंबड्या कुठे विचारलं तर झिरयेवर देऊन टाकल्या म्हणाला, अंडी नकोशी झाली. दिवसाला तीन अंडी खाणारा माणूस. होडी शेडमध्ये पालथी, यंदा तिला रंगाचा हात नाही. वसंतात होडी रंगवत नाही तो बेटकरी कसला? भिंतीवर वारलेल्या मामीचा फोटो नव्हता, म्हणाला काच पुसायला काढलाय. आणि जेवायला डब्यातले सार्डिन मासे. माझ्या पाहुण्यांना डब्यातले सार्डिन! मीच मग चार्डची पालेभाजी आणि बटाटे उकडून वर तेल घातलं आणि पानं वाढली.

सगळं आवरल्यावर मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हातारपणी आळस चढलाय, लोक तुझं घर बघायला एवढा समुद्र कापून येतात, जरा तरी लाज राख. एरवी त्याने मला चौपट ऐकवलं असतं. आज म्हणाला, "बरोबर आहे तुझं, पोरी." मला आणखीच राग आला. भांडायलासुद्धा उठत नाही.

जेवणानंतर पाहुण्यांना मालकीण दाखवली. मालकीण म्हणजे टाक्यातली वाम मासळी. मामीने लग्नाच्या वर्षी नेरेत्वा नदीच्या मुखातून बरणीत घालून आणलेली, तेव्हा बोटाएवढी होती म्हणे, आता माझ्या दंडाएवढी आहे. टाक्यातले किडे, अळ्या खाते, तिच्यामुळे पाणी आरशासारखं राहतं. पावाचा तुकडा टाकला की वर येते, डोळे मोठे झालेत अंधारात राहून. झेक बहिणी हरखून गेल्या. मेतोद बराच वेळ वाकून बघत होता. हिने समुद्र कधीच पाहिला नाही का, म्हणाला. मी म्हटलं, तिचं काही अडलेलं नाही.

त्याच मेतोदने टाक्यावर पाण्याचा डबा भरायला नकार दिला. झिरयेच्या नळाचं पाणी शिल्लक आहे म्हणाला. मी दोनदा आग्रह केला, घोटभर तरी घ्या, असं पाणी शिबेनिकलाही मिळत नाही. नाही म्हणजे नाही. दुपारी आल्या आल्या बार्बाने त्याला बाकावर शेजारी बसवून घेतलं होतं, मी चूल पेटवेपर्यंत दोघं डोकी जवळ घेऊन आरमाराच्या गोष्टी करत बसले होते. बार्बाचा बाक चालतो, बार्बाची दारू चालते, पाणी तेवढं चालत नाही. नखरे मेले.

गुरुवार, ५ जून. लुकारित्सा, निघण्याआधी

पाहुणे सामान भरतायत तोवर लिहिते.

सकाळी टाक्यावर गेले, पावाचा तुकडा टाकला. काही नाही. दुसरा टाकला. बादली सोडून ढवळलं. मालकीण नाही. झाकणाजवळ मासे धरायची जाळी ओली पडलेली, कट्ट्यावर बुळबुळीत पट्टा, थेट धक्क्याकडे गेलेला.

पाहुणे कॉफी पीत होते. मी विचारलं, टाक्याचं झाकण कुणी उघडलं?

"मी," मेतोद म्हणाला. "उजाडताना. वाम समुद्रात सोडली."

"कुणाला विचारून?"

त्याने घराकडे पाहिलं, मग पेल्यात पाहिलं.  मला वाटतं माझ्या तोंडून जे निघालं ते झिरयेपर्यंत ऐकू गेलं असेल. दया आली असेल शहाण्याला. दुसऱ्याची वाम, दुसऱ्याचं टाकं, आणि पुण्य याच्या खात्यावर. आयजीच्या जिवावर बायजी उदार. झेक बहिणींतली धाकटी रडायला लागली, तिला कुणी काही बोललंही नव्हतं. मेतोद उभा राहून सगळं ऐकत राहिला, आणि त्याच्या त्या ऐकण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

याला काय ठाऊक त्याने काय केलंय? आमच्या बेटांवर घर कायमचं बंद करतात तेव्हाच टाक्यातली वाम सोडतात. पलीकडच्या खाडीतलं तोमेंचं घर मिटलं तेव्हा तिथली सोडली होती, लहान होते मी, सगळी माणसं काळे कपडे घालून धक्क्यावर उभी होती. त्यानंतर टाक्यात कितीही पाणी असो, कुणी तोंड लावत नाही. मेलेल्या घराचं पाणी ते. आणि या माणसाने माझ्या जित्याजागत्या बार्बाच्या घराचं पाणी मारून ठेवलं.

बार्बाला सांगायला गेले तर खिडक्या बंद, आतून म्हणाला डोकं दुखतंय, तुम्ही निघा. नाही सांगितलं. मामीची शेवटची वस्तू होती ती. ऐकून त्याचं काही बरंवाईट झालं असतं तर? मी वळले तेव्हा त्याने खिडकी किलकिली करून हात हलवला. मीही हलवला, आणि खोटं हसले.

शुक्रवार, ६ जून. झिरये

युगो वारा सुटलाय, दमट, चिकट, दक्षिणेचा. युगोत माणसं चिडतात असं आमच्याकडे म्हणतात. मला युगोची गरज पडत नाही.

दिवसभर मेतोदशी एक शब्द बोलले नाही. त्याची कयाक धक्क्यावर ओढायला वाउटर गेला, मी गेले नाही. हान्नेकेने मला बाजूला घेऊन समजावलं, चांगला माणूस आहे, विचारून तरी बघा का केलं. मी म्हटलं, विचारलं होतं.

योसोला फोन केला. सगळं सांगितलं.  त्याने विचारलं काय, तर तो स्लोव्हेनियन टाक्याचं पाणी प्यायला होता का. मी म्हटलं, नव्हता प्यायला, नखरे करत होता, पण त्याचा इथे काय संबंध?

"नेवे," तो म्हणाला, "तुला खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?"

मी म्हटलं कोड्यात बोलू नकोस. तर म्हणाला, उद्या सरळ घरी ये, लुकारित्साकडे फिरकू नकोस, घरी आल्यावर बोलू. बार्बाला तोंड दाखवायची हिंमत नाही याला. मी फोन ठेवून दिला.

बार्बा आता टाक्यावर गेला असेल. पावाचा तुकडा टाकला असेल. एकटा असेल. विचार करून करून डोकं फुटायची वेळ आलीय.

शनिवार, ७ जून. लुकारित्सा

सकाळी पाहुण्यांना सांगितलं, घरी नाही जायचं, परत लुकारित्सा. मेतोदला बार्बाच्या पायाशी उभं करून माफी मागायला लावणार. त्यांची उद्याची विमानं, गाड्या, सगळं माहीत होतं मला. वाउटर म्हणाला, वारा समोरून आहे. मी म्हटलं, वारा कुठून आहे ते मला शिकवू नका.

वारा समोरूनच होता. हान्नेके अर्ध्या वाटेत ओकली. थोरली झेक बहीण धाकटीला दोरी बांधून ओढत होती. मी पुढे होते आणि मागे वळून बघत नव्हते, हे इथे लिहून ठेवते, कारण मार्गदर्शकाने असं करायचं नसतं. मागे वळून कोण बघत होतं तर मेतोद. तो सगळ्यांच्या शेवटी राहिला, मुद्दाम, कुणी मागे पडू नये म्हणून.

बार्बा बाकावर बसलेला. पांढरा सदरा, पायात बूट. मी मेतोदला बाहीला धरून त्याच्यापुढे नेलं. म्हटलं, सांग याला तू काय केलंस ते.

मेतोदने टोपी काढली. 

बार्बा बाकाला धरून उठला. उठायला त्याला केवढा वेळ लागला. मेतोदचा हात त्याने दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाला, "उपकार झाले, भाऊ. माझ्यापायी तुला बोलणी खावी लागली."

मला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झाला.

"मीच सांगितलं होतं त्याला," बार्बा माझ्याकडे वळून म्हणाला. "आणि तुला काही बोलू नकोस, हेही मीच. सोडणारा त्या पाण्याचा नसावा लागतो. तू, योसो, अर्धी बेतिना, सगळे या टाक्याचं पाणी प्यायलेत. आल्या दिवशी याला पहिलं तेच विचारलं, पाणी प्यायलास का. मी पाठ करून उभा होतो धक्क्यावर. बघवेना."

तेव्हा कुठे मला बाकाच्या मागची पेटी दिसली. दोरीने बांधलेली. वर मामीचा फोटो, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू भांडली असतीस. तू भांडलीस की मी राहतो. तीन वर्षं तेच चाललंय." तो परत खाली बसला. "हिवाळ्यात दोनदा पडलो, नेवे. एकदा या टाक्याच्या कट्ट्यापाशी. सकाळी पडलो, उठेपर्यंत सूर्य बुडाला. उद्या योसो येतोय न्यायला. तू घरी पोचल्यावर तुझ्या दारात येऊन सांगणार होतो."

म्हणजे योसोलाही ठाऊक होतं. मग मी बोलले. काय काय बोलले ते या वहीत जाणार नाही. दगाबाज म्हणाले, ते आठवतंय. मला नऊ वर्षांची असताना समुद्रात ढकललंस आणि आता स्वतः पळून जातोस, असंही म्हणाले. आणि मग, लाज वाटते लिहायला, पण म्हणाले, माझ्या फेरीचं काय? लोकांना मी काय दाखवू?

अंगणात पाचही जण ओल्या कपड्यांनी उभे होते. बार्बाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही त्याने.

"मी तुझ्या फेरीतला थांबा नाही, पोरी."

रविवार, ८ जून. बेतिना

योसो मोठी बोट घेऊन आला. कयाक लादल्या, पाहुणे चढले. बार्बाला वाउटर आणि हान्नेकेने दोन बाजूंनी धरून आणलं, एकमेकांशी न भांडता, सात दिवसांत पहिल्यांदा. बार्बाने दाराला कुलूप घातलं नाही. चोरायला आहे काय, म्हणाला. बोट निघाली तेव्हा तो बेटाकडे पाठ करून बसला आणि योसोला इंजिन नीट चालवत नाहीस म्हणून बोलत राहिला.

मी योसोशी बोलले नाही. अजून बोलत नाही.

पाहुण्यांची माफी मागितली, सगळ्यांची एकदम, बोटीच्या टोकाशी उभं राहून. चुकलेल्या विमानांचा आणि गाड्यांचा खर्च आमच्याकडे, तेही सांगितलं. मेतोदची वेगळी मागायची होती. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो म्हणाला, राहू द्या, आरमारात याहून वाईट ऐकलंय. मग मी जे विचारायचं नव्हतं ते विचारलं.

"गेली का लगेच?"

"नाही," मेतोद म्हणाला. "धक्क्याच्या पायरीशी बराच वेळ पडून होती. मला वाटलं मेली. पाण्यात उभा राहिलो तिच्याजवळ. मग एकदम गेली."

मी तोंड फिरवलं आणि दोऱ्या गुंडाळत बसले. गुंडाळलेल्याच होत्या.

गुरुवार, १९ जून. बेतिना

शिबेनिकला जाऊन आले. मनात ठरवलं होतं, बार्बा खंगलेला दिसेल, खिडकीतून समुद्राकडे बघत बसलेला असेल, आणि मी योसोला सांगेन, बघ, बघ काय केलंस.

बार्बा पत्ते खेळत होता. समोर स्क्रादिनचा एक निवृत्त पोस्टमन आणि कुणी तरी रेल्वेतला, दोघांना लुबाडत होता. गाल भरलेत. मला बघून म्हणाला, थांब, हा डाव होऊ दे. थांबले. डाव झाल्यावर दुसरा मांडला. मग नर्सबाईंना माझी ओळख करून दिली, ही माझी भाची, समुद्रात सगळ्यांवर ओरडते. त्या हसल्या. सकाळी अंडी मिळतात, मी विचारलं नसताना त्याने सांगितलं.

अंजिरं नेली होती ती त्याने पोस्टमनला दिली.

परत येताना बसमध्ये रडले. तो खुश आहे याचं मला वाईट वाटतं. कसली माणूस आहे मी. असं असूनही लिहिते, राग गेलेला नाही. तीन वर्षं तो माझ्यासाठी तिथे राहिला आणि एका शब्दाने बोलला नाही, याचा राग कुणावर काढायचा ते ठरत नाही.

मंगळवार, २४ जून. झिरये

नवी फेरी, सहा पाहुणे. पाणी आता योसो मोटरबोटीने झिरयेवर आणून देतो. जेवढ्यास तेवढं बोलतो आम्ही. पत्रकातली ती ओळ काढून टाकली, तिथे दुसरं काही सुचलं नाही, जागा कोरीच ठेवलीय.

आज लुकारित्साला वळसा घातला, उतरलो नाही. दार उघडं पडलेलं, वाऱ्याने आपटत होतं. घर दिसल्यावर एका तरुण इटालियन बाईने विचारलं, तिथे कोण राहतं? कुणी नाही, मी म्हटलं. तिने छातीवरच्या पिशवीतला नकाशा काढला, त्यावर टाक्याची खूण आहे. मग उतरून पाणी भरून घेऊ या का, म्हणाली, माझं संपत आलंय.

मी माझी बाटली तिला दिली. म्हटलं, इथे पाणी नाही.

मेमधल्या पावसाने टाकं काठोकाठ भरलेलं आहे. शनिवारी एकटीच वल्हवत तिथे गेले होते, झाकण उघडून बघितलं. एवढ्यातच पाण्यावर अळ्या दिसायला लागल्यात. बराच वेळ बादली हातात धरून कट्ट्यावर बसले, तहान लागली होती. प्यायले मात्र नाही.